दाजी, करुणाला काय सांगू?

दाजी, मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. पाळकसाहेबांनी चर्चच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. "सरोजबाई, तुम्ही शिक्षिका, तुमचं मराठी चांगलं, दोन पानं लिहून द्या," म्हणाले. मी लिहायला बसलेही. पहिल्याच ओळीत "हसतमुख व्यक्तिमत्त्व" असं काहीतरी आलं आणि मी कागद फाडला. तुम्ही हसतमुख कधी होतात हो? दुकानात शेतातल्या पंपाची जळालेली मोटार दुरुस्तीला आली की तुमचं तोंड असं व्हायचं, जणू त्या शेतकऱ्यानं ती मुद्दाम तुमच्यावर सूड उगवायला जाळली आहे. तेव्हा अंकाचं नंतर बघू. आधी हे तुम्हाला लिहिते, कारण घरात एक गोष्ट अडली आहे आणि ती ज्याला विचारायची तो माणूस नेमका तुम्हीच होतात.

गोष्ट करुणाची आहे. दुसऱ्या कशाची असणार?

तुम्ही माझ्या ताईचे नवरे, म्हणून माझे दाजी. नातं तेवढंच राहायला हवं होतं. पण करुणा लहानपणी माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला दाजीच म्हणायला लागली. ताईनं कितीदा दटावलं, "अगं, काका म्हण." ऐकेल तर ती माझी लेक कसली! तिच्या मागून संडे स्कूलची पोरं, त्यांच्या मागून चर्चचा तरुण संघ, आणि बघता बघता चर्चच्या मंडळीतली निम्मी कार्टी तुम्हाला दाजी म्हणू लागली. मी चिडवायचे, "दाजी, गावभर मेहुण्या झाल्या की तुम्हाला." तुम्ही तारेवरची नजर न काढता म्हणायचात, "झाल्या. पण मानपान एकीलाच लागून राह्यलाय."

तरुण संघ तुमच्याकडे आला तोही चुकूनच. आधी चालवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. त्या शनिवारी तुम्ही संघाच्या खोलीतला पंखा बघायला गेलात, तर पोरं रांगेनं बसलेली आणि त्यांचं बघायला कुणीच आलेलं नाही. "पंखा बघाया गेल्तो, संघच गळ्यात पडला," हे तुम्ही पुढं कितीजणांना सांगितलं असेल. तुम्हाला गिटार येत नव्हती. प्रवचन येत नव्हतं. प्रार्थना तर इतकी छोटी की आम्ही डोळे मिटेपर्यंत तुमचं आमेन झालेलं असायचं. आम्हा आईबापांना काळजी पडली की हा मोटारी दुरुस्त करणारा माणूस आमच्या पोरांना देवाधर्माचं काय शिकवणार. आठवी ते बारावीची पोरं ती. घरात धड बोलत नाहीत, आरशासमोरून हलत नाहीत, काही विचारलं की दार आपटतात. मी रोज जालन्याहून बदनापूरला जाऊन याच वयाच्या पोरांना शिकवते, त्यामुळे मला वाटायचं की यातलं आपल्याला कळतं. तुम्ही मला मास्तरीणबाई म्हणायचात ते काही उगीच नाही.

तुमची रीत एकच होती. पोराला समोर बसवायचं नाही. ज्याचं काही बिनसलंय असं वाटलं, त्याला दुकानात बोलवायचं, शेजारी स्टुलावर बसवायचं आणि हातात तांब्याच्या तारेचं रीळ द्यायचं. तुम्ही गुंडाळी करायचात, तो रीळ धरायचा, दोघांचीही नजर तारेवर. तासाभरानं त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायला लागायचे. मी एकदा विचारलं, "आमच्याशी तोंड उघडत नाहीत, तुमच्यापाशी कशी बोलतात हो?" तुम्ही म्हणालात, "समोर बसवलं की पोरगं साक्षीदार अन् आपुन वकील. शेजारी बसवलं की दोघंबी मजूर." मला हे तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

आणि साक्षीवरून तर तुम्ही केवढा गोंधळ घातलात! आपल्याकडे तरुणांच्या खास रविवारी पोरांनी माइकसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीला सांगायचं, ही जुनी चाल. आता चांगली साक्ष कोणती? जिच्यात सुरुवातीला दणदणीत पाप असतं, ती. साधं सरळ पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं की मी बरा आहे, देवाची कृपा आहे, तर कुणी मान वर करून बघत नाही. मग सुशीलनं काय केलं ते आठवतं ना? नववीतलं ते काडीपैलवान पोरगं. माइक हातात घेऊन म्हणालं की मी गुटख्याच्या आहारी गेलो होतो आणि प्रभूनं मला सोडवलं. काय टाळ्या! बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. घरी गेल्यावर त्याच्या आईनं लाटणं घेतलं. खिसे तपासले, दप्तर झटकलं, आणि पोरगं रडत सांगत राहिलं, "आई, खरंच न्हाई खाल्ला गं कधी. साक्षीत सांगाया माझ्यापाशी कायच नव्हतं."

आम्ही पोट धरून हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही थेट चर्चच्या कमिटीत गेलात आणि म्हणालात, "पोरगं देवाच्या नावानं खोटं बोललं अन् आपुन टाळ्या वाजवून राह्यलो. त्याच्यापाशी पाप नव्हतं. पाप आपल्याला पाहिजे व्हतं." तेव्हापासून तुमच्या संघातली साक्ष बंद. ज्याला सांगायचंय त्यानं देवाला सांगावं, माइकला कशाला, असं तुमचं म्हणणं. कमिटीतल्यांना ते झोंबलं. पोरांचा विश्वास तुम्ही थंड करताय, असंही कुणी म्हणालं. खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूची होते. "दाजी, पोरांना चारचौघांत बोलायची सवय नको का?" असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "लाव की तुझ्या शाळेत. वक्तृत्व स्पर्धा घे. त्याच्यात देवाला नको वढू." मला राग आला, पण तोडीस तोड उत्तर सुचलं नाही. तुमच्याशी वाद घालताना हेच व्हायचं, उत्तर मला दुसऱ्या दिवशी बदनापूरच्या स्टेशनावर सुचायचं.

शहागडची सहल आठवते. बाकीच्या मंडळ्या पोरांना शिबिराला नेतात, बाहेरून वक्ते येतात, रात्री शेकोटीभोवती सगळे रडतात. तुम्ही एक टेम्पो ठरवला आणि गोदावरीच्या काठी नेऊन सोडलंत. मुलींबरोबर मोठी बाई हवी म्हणून ताई आणि मी आलो होतो. मी आपली वाट बघतेय की आता काही कार्यक्रम सुरू होईल, मग होईल. काही नाही! पोरं घोट्याएवढ्या पाण्यात उभी, पुलावरून ट्रक चाललेत, तुम्ही एका दगडावर बसून ठेचा-भाकरी खाताय. करुणा तेव्हा आठवीत होती. ती तुमच्या शेजारी येऊन बसली आणि पाण्याकडं बघत काहीतरी विचारू लागली. येताना टेम्पोत मी तिला खोदून विचारलं. ती म्हणाली, "मी विचारलं, देव ऐकतो हे कशावरून? दाजी म्हणले, ते मला न्हाई माहीत. मी बोलतो, तेवढं मला माहीत."

मी तुम्हाला तिथंच टेम्पोत झापलं होतं. आठवीतल्या पोरीला असं कुणी सांगतं का? मी संडे स्कूल शिकवते. असल्या प्रश्नाला आमच्याकडं चांगली तयार उत्तरं असतात, चित्रांसकट. तुम्ही म्हणालात, "मंग तुलाच विचारलं असतं की तिनं." टेम्पोतली सगळी पोरं खिदळली.

तिनं मला विचारलं नाही, दाजी. नंतरही नाही विचारलं. गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या बाजूनं ते तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत, म्हणून आता ऐका. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना असते, पाळीपाळीनं. त्या दिवशी करुणाची पाळी होती. तिनं डोळे मिटलेच नाहीत. मी म्हटलं, "चल, भाजी गार होतेय." ती म्हणाली, "मी नाही करणार. मला खोटं बोलायचं नाही." यांनी मान खाली घातली, ती काही वर केली नाही. मी बोलले. बरंच बोलले. आपल्या घरात असं चालणार नाही, आजीला काय वाटेल, तुला काय कमी केलंय, सगळं. ती उठून गेली असती तर बरं झालं असतं. ती बसून राहिली, आणि त्या दिवसापासून रोज बसायची, आम्ही डोळे मिटायचो आणि ती उघड्या डोळ्यांनी आमच्याकडं बघत राहायची. आपण देवाशी बोलतोय आणि समोर कुणी आपल्याकडं बघतंय, हे किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. आवाजच खोटा वाटायला लागतो.

म्हणून मी शाळेतून आले ती थेट तुमच्या दुकानात. वार्निशच्या वासानं डोकं उठलेलं, खांद्याला पिशवी तशीच. मला माहीत होतं की ती तुमच्याकडं येऊन बसते, रीळ धरते. मी म्हटलं, "दाजी, काय झालंय तिला? काय सांगितलं तिनं तुम्हाला?"

तुम्ही म्हणालात, "ते तिचं हाय."

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर तुला न्हाई सांगितलं तिनं."

दाजी, हे वाक्य तुम्ही बोलायला नको होतं. नंतर तुमच्या लक्षात आलं असावं, कारण तुम्ही हातातलं काम खाली ठेवलं, आणि तुम्ही काम खाली ठेवणारा माणूस नव्हतात. "सरू," म्हणालात. मास्तरीणबाई नाही, सरू. "जिवाचं काय असतं तर रात्री-बेरात्री पळत आलो असतो तुझ्या दारात. तसलं बिलकुल न्हाई. भांडण लागलंय तिचं देवासंगं. भांडू दे. सोडून गेली न्हाई अजून, भांडून राह्यली."

"किती दिवस भांडायचं?"

"मला काय माहीत? त्या दोघांचं हाय ते."

मी चहा न पिता उठले. ईस्टरपर्यंत तुमच्या घरी पाऊल टाकलं नाही. ताई फोनवर म्हणायची, "अगं, त्यांचा सोभावच तसला. मला दुकानाची चावी कुठं ठिवली ते सुदिक सांगत न्हाईत, तुला पोरीचं काय सांगतेल?" हसू आलं, पण राग गेला नाही. तो अजून गेलेला नाही. तुम्ही नसताना तुमच्यावर जिंकणं सोपं आहे, तरी सांगते. मला आजही पटलेलं नाही. पोरीच्या मनात काय चाललंय ते आईला कळू नये, आणि आईच्या बहिणीच्या नवऱ्याला कळावं, हा कुठला न्याय? मी तिला जन्म दिला. तिच्या तापात मी जागले. तुम्ही म्हणायचात की जिवाचं असतं तर सांगितलं असतं. पण जिवाचं कुठलं आणि बिनजिवाचं कुठलं, हे तुम्ही एकट्यानं ठरवायचं? आणि समजा तुम्ही चुकला असतात तर?

पण हेही खरं की शनिवारी संघातून आली की तिचा चेहरा सैल असायचा. दार आपटायची नाही. एकदा तर स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी उभी राहून वाटाणे सोलत होती. तेवढ्यासाठी मी तुमची ऋणी होते, आणि हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते आयुष्यभर ऐकवलं असतं.

मग हा उन्हाळा आला. उन्हाळा म्हणजे तुमचा हंगाम, परतूरपासूनच्या जळालेल्या मोटारी तुमच्या दारात. ताई सांगत होती की जेवायलाही येत नाहीत. आणि एका दुपारी फोन आला की तुम्ही दुकानात पडलात. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्हाला आत नेलेलं होतं, नळ्या लावलेल्या. काचेतून फक्त तुमचे तळपाय दिसत होते. करुणा माझ्याबरोबर होती. ताई बाकावर बसून नुसती पुटपुटत होती. मला प्रार्थना करायची होती आणि मनात जी वाक्यं येत होती ती शाळेच्या परिपाठासारखी, पाठ झालेली, एकामागून एक. मी करुणाचा हात धरला आणि म्हटलं, "बाळा, तू प्रार्थना कर. तुझं ऐकेल तो."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ, खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं चिडली. मी तिला परत बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

मातीला केवढी माणसं आली होती! तुमची मेहुणे मंडळी सगळी, जी आता मिशा फुटलेली, नोकरीला लागलेली. सुशील पेटीला खांदा देताना हुंदके देत होता. करुणा रडली नाही. घरी आल्यावर नाही, नंतरही नाही. बायका बोलल्याच, "एवढा जीव व्हता मावसाचा, पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाई." ती क्लासला जायची, यायची, ताटातलं चिवडत बसायची. शनिवारी संध्याकाळी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि मग आपणहून चप्पल काढून आत आली. मी स्वयंपाकघरातून ते पाहिलं. दाजी, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला. तुम्ही तिला इतकं तुमच्याकडं ओढून घेतलंत आणि मध्येच उठून गेलात. आता मी कुणाच्या दुकानात जाऊ?

गेल्या रविवारी तुमच्या स्मरणाची उपासना होती. चर्च भरलेलं, तुमचा फोटो पुढं, हार घातलेला. फोटोत तुम्ही जळकी मोटार बघितल्यासारखेच दिसता. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या लाडक्या दाजींसाठी आज तरुणांनी साक्ष द्यावी." तुमच्याच आठवणीला तुम्ही बंद केलेली गोष्ट! माझं डोकं तापलं. एक मुलगी उभी राहिली, म्हणाली की दाजी आम्हाला रोज वचनं पाठ करायला लावायचे. कधी लावलीत हो? एक मुलगा म्हणाला, दाजी म्हणजे प्रार्थनेचा माणूस, तासन्‌तास गुडघ्यांवर. ताई माझ्या शेजारी पदरात तोंड खुपसून रडत होती, तिनं तोंड वर काढलं आणि माझ्या कानात म्हणाली, "गुडघे धरले व्हते त्यांचे. बसता येत व्हतं का?" आणि आम्ही दोघी बहिणी तिथं पहिल्या बाकावर हसू दाबत रडत होतो. पोरांना तरी काय म्हणू? त्यांना तुम्हाला मोठं करायचं होतं आणि तुम्ही जेवढे होतात तेवढ्यानं काम भागेल, हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी करुणाचं नाव घेतलं. घरची मुलगी म्हणून. मी मान हलवून तिला नको म्हणून खुणावलं. ती उठली आणि गेली. माइक तिला उंच होता, तो तिनं खाली केला नाही.

"मी वर्षभर प्रार्थना केली नव्हती," ती म्हणाली. "दवाखान्यात केली. ते गेले."

तिनं तुमच्या फोटोकडं बघितलं.

"माझी साक्ष एवढीच आहे."

आणि येऊन जागेवर बसली. मागं कुणीतरी सवयीनं टाळी वाजवली, दोनदा, आणि मग थांबला. पाळकसाहेब म्हणाले की देवाच्या योजना आपल्याला कळत नसतात, आणि त्यांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला. सगळे उभे राहिले. मी गीत म्हटलंच नाही. मला एकच दिसत होतं, ती खिडकीपाशी पाठमोरी उभी आहे आणि तिला तिथं मी पाठवलं आहे.

बाहेर पडताना कमिटीतले एक काका आडवे आले. "सरोजबाई, पोरीला जरा समजवा. एवढं बोलायला नको व्हतं. लहान लेकरं बसली व्हती." मी म्हटलं, "खोटं बोलली का ती?" ते म्हणाले, "तसं न्हाई, पण..." मी म्हटलं, "मग जाऊ द्या आम्हाला, उन्हं चढलीत." तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं. तुमच्या बाजूनं मी एवढं बोललेलं तुम्ही कधी ऐकलं नव्हतं.

घरी जाताना ती स्कूटीवर माझ्या मागं होती. गांधी चमनपाशी गर्दी होती, गाडी हळू झाली. तिथं ती माझ्या पाठीशी बोलली. "आई, मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. आणि मग एकदम कामापुरती गेले. म्हणून ऐकलं नसेल का त्यानं?"

दाजी, मी गाडी बाजूला घेतली. एका रसवंतीपाशी, घुंगरं वाजतायत, लोक रस पितायत. मला तिथं रस्त्यावरच बसावंसं वाटलं. एवढे दिवस ही पोर हे घेऊन जेवायला बसत होती. तुमच्या जाण्याचं ओझं तिनं स्वतःवर घेतलं होतं. आपली सवय मोडली म्हणून आपला माणूस गेला, असं तिनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं, आणि सोळा वर्षांची पोर असं काही ठरवते तेव्हा किती घट्ट ठरवते, हे मी शाळेत रोज बघते.

"नाही गं," मी म्हटलं. "तसला नाही तो. कामापुरतं आलं म्हणून हाकलून देणारा."

"तुला काय माहीत?"

ती उलट बोलत नव्हती. तिला खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि माझ्याकडची चित्रांसकट सगळी उत्तरं त्या रसवंतीपाशी संपली. देवानं ऐकलं पण त्याची इच्छा वेगळी होती, असं सांगू? मग ती विचारेल, इच्छा ठरलेलीच होती तर मला कशाला पाठवलंस खिडकीपाशी? तुझी चूक नाही, असं सांगू? ते सांगितलं मी. दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली, शाळेत पोरं हलवतात तशी, बाई गप्प व्हाव्यात म्हणून. तुम्ही काय म्हणाला असतात? मी तेव्हापासून हेच शोधते आहे. तुमचं एखादं वाक्य आठवावं आणि तेच तिला सांगावं, म्हणून सगळं आठवून बघितलं. ते या पानांवर सगळं आलंय. त्यातलं एकही तिच्या कामाचं नाही, दाजी. तुम्ही गेलात तर काय करायचं, हे तुम्ही कधी बोललाच नव्हतात.

त्या रविवारी संध्याकाळी ताटं वाढली. पाळी यांची होती. मी म्हटलं, आज मी करते. डोळे मिटले आणि "हे प्रभू" एवढं म्हटलं, आणि पुढं काही येईना. आभार मानायचे तर कशाचे? समाधान मागायचं तर कुणासाठी? घड्याळ ऐकू येत होतं. यांनी खाकरून घेतलं. मला माहीत होतं की समोर ती उघड्या डोळ्यांनी बघते आहे, आणि आता तिच्यासमोर पाठ केलेलं बोलायची मला लाज वाटत होती. मग जे होतं तेच बोलले.

"प्रभू, आम्हाला दाजी पाहिजे होते."

एवढंच. आमेनसुद्धा म्हटलं नाही. रडू यायला लागलं म्हणून डोळे उघडले. यांचे डोळे मिटलेलेच होते, संपलं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. करुणा माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मान वर केली होती आणि तिचा सगळा चेहरा भिजला होता, आणि माझ्याशी भांडताना तिचा जो आवाज लागतो त्याच आवाजात, वर छताकडं बघून, ती म्हणाली, "लै पाहिजे होते. तुला माहीत होतं ना!"